सुरुंग्याचा डावा कान: एका हौशी ॲक्शन मालिकेतील व्यक्तिकेंद्री भाग, काही महिन्यांनंतर

पटकथेच्या रूपात लिहिल्या जाणाऱ्या या मालिकेच्या ताज्या भागात पथकप्रमुख मॅडम अंधाऱ्या जिन्यात, पथकासाठी दारे उडवणाऱ्या सुरुंग्याच्या डाव्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजतात, तो मान डोलावतो आणि निमूटपणे कामाला लागतो. बहुतेक वाचकांनी हे वाक्य वाचून सोडून दिले असेल. मला ते सोडवत नाही, कारण सुरुंग्याचा डावा कान कामातून गेला आहे हे सांगण्यासाठी याच लेखकांनी काही महिन्यांपूर्वी एक आख्खा भाग खर्ची घातला होता, आणि या मालिकेत मी वाचलेला तो सर्वांत चांगला भाग आहे. पथक कोणते, मोहीम कसली, खलनायक कोण हे मालिका वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. त्यात वेळ न घालवता त्या भागाकडे वळतो.

पहिल्या वाचनात तो भाग मला मुळीच आवडला नव्हता. वाचनाच्या वेळेबाबत मी चिक्कू माणूस आहे. संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट हा पटकथेचा रूढ हिशेब लावला, तर या भागाचा जवळजवळ सुरुवातीचा एक-तृतीयांश हिस्सा एक माणूस खुर्ची बदलतो, प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला लावतो आणि हसण्यावारी नेतो, एवढ्यातच संपतो. मधल्या बापलेकाच्या पूर्वस्मृतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रागीट बाप, दारूची बाटली आणि पाऊस हे साहित्य प्रत्येक हौशी लेखकाच्या कपाटात तयार असते. हाणामारीचा प्रसंग एकच, तोही अर्धवट सुटलेला. एवढी पाने वाचून हाती काय लागले, असा माझा तेव्हाचा वैतागलेला प्रश्न होता.

त्या एकुलत्या प्रसंगासाठी मी भाग पुन्हा उघडला आणि मत पार बदलले. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारे, पाचव्या दाराशी सुरुंग्या दबा धरून बसलेला. मॅडम रेडिओवर सांगतात, ‘सात, सात.’ सुरुंग्या ऐकतो, ‘आत, आत.’ तो पाचवे दार उडवून आत शिरतो, तेथे लपवून ठेवलेला साक्षीदार घाबरून खिडकीतून उडी टाकतो, पाय मोडतो, आणि स्फोटाच्या आवाजाने सावध झालेले सातव्या दारामागचे लोक मागच्या वाटेने पसार होतात. या प्रसंगात कोणी गद्दार नाही आणि कोणी भित्राही नाही. संपूर्ण मोहीम ‘स’ या एका व्यंजनापायी बुडते.

हे रचलेले वाटत नाही याचे कारण लेखकांनी कानाचा अभ्यास केलेला दिसतो. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा सगळे सारखे कमी ऐकू येत नाही. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे वरच्या पट्टीतला, भाग जातो. बोलण्यातील जोर स्वरांत असतो आणि ते खालच्या पट्टीत राहतात, तर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात व मुळातच क्षीण असतात. म्हणून अशा माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते, ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी असते. सुरुंग्याही नेमके हेच म्हणतो, आणि सहकारी त्याला नीट लक्ष देत जा असे बजावतात. चिडून ते मोठ्याने बोलू लागतात तेव्हा स्वर तेवढे वाढतात, व्यंजने जिथल्या तिथे, आणि तो पुन्हा चुकीचे उत्तर देतो. हा विनोदी संवाद हसत वाचला जातो. दुसऱ्यांदा वाचताना हसू येत नाही.

तपासणीच्या प्रसंगात तंत्रज्ञ बाई त्याच्यापुढे श्रवणआलेख, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, ठेवतात. उजव्या कानासाठी लाल वर्तुळे, डाव्यासाठी निळ्या फुल्या, ही जगभरची रीत संहितेत बरोबर आली आहे. निळ्या फुल्यांची रेघ 2000 पर्यंत सरळ जाते, 4000 वर खोल घसरते आणि 8000 कडे किंचित वर येते. सुरुंग्या त्या खळग्यावर बोट ठेवून विचारतो, ‘हा पहिल्या दाराचा की शेवटच्या?’ बाई उत्तर देत नाहीत, पुढचा कागद काढतात. डावाच कान का, याचे उत्तरही लेखकांनी न बोलता दिले आहे. तो उजव्या खांद्याला बंदूक लावतो. अशा नेमबाजाचा डावा कान नळीच्या तोंडाला जवळ असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

मला सर्वाधिक भावलेली गोष्ट मात्र पानावरच्या मांडणीची आहे. ही मालिका कोणी चित्रित करणार नाही, ती वाचायचीच आहे, हे लेखकांनी येथे पहिल्यांदा मान्य केले आहे. व्हरांड्यातल्या प्रसंगानंतर डावीकडून आलेले संवाद सुरुंग्याला ऐकू येतात तसेच लिहिले आहेत; ‘सावकाश सरक’ या सूचनेच्या जागी मधे रिकाम्या जागा सोडून ‘आवका… अरक’ एवढेच उरते, आणि वाचकही त्याच्याबरोबर अंदाज बांधू लागतो. चित्रपटात अशा वेळी एक बारीक शिट्टी वाजवून काम भागवतात. कागदावर शिट्टी वाजत नाही, आणि लेखकांनी ती अडचण वापरून घेतली.

यानंतर मी मागचे भागही चाळले. गाडीत असो वा बैठकीत, सुरुंग्या सगळ्यांच्या डाव्या टोकालाच बसलेला आहे, म्हणजे बोलणारे सगळे त्याच्या उजवीकडे. एकाही ठिकाणी याचा खुलासा नाही. हौशी लिखाणात इतकी आधीपासूनची पेरणी क्वचितच पाहायला मिळते. त्याच भागांत सायलेन्सर लावलेले पिस्तूल ‘फुस्स’ करते, हे मात्र जाता जाता नोंदवतो. बंदुकीचा बार 140 डेसिबलच्या वर, पुष्कळदा 160 च्या घरात जातो. सायलेन्सर त्यातून 20 ते 35 डेसिबल काढतो, तेव्हा जे उरते त्याला फुस्स म्हणत नाहीत.

आता त्या कुजबुजीकडे येतो. व्यक्तिकेंद्री भागानंतरच्या पहिल्या भागात सुरुंग्या एकदा ‘काय?’ विचारतो, त्याच्या पुढच्या भागात विचारत नाही, आणि नंतर कान जणू आपोआप पूर्ववत होतो. मी लेखकांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तर एका ओळीचे आले: मधल्या काळात बरा झाला असे समजा, कथेचा वेग महत्त्वाचा. बरा कसा होईल? स्फोटानंतरचा तात्पुरता बधिरपणा काही तासांत वा दिवसांत ओसरतो, पण आलेखावर कायमचा उमटलेला खळगा भरत नाही. माणसाच्या अंतर्कर्णात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात आणि त्या मेल्या की नव्या उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, हे 1980 च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले. सुरुंग्या कोंबडीच्या कुळातला असता तर लेखकांचे म्हणणे मी ऐकून घेतले असते.

त्यातही कुजबुज निवडावी, याला काय म्हणावे? कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे बोलण्यातला खालच्या पट्टीचा आधारच नाहीसा होतो आणि उरते ती मुख्यतः वरच्या पट्टीची सळसळ, तीही अतिशय हलकी. डाव्या कानाला जे सर्वांत कमी ऐकू येणार, नेमके तेच त्याला ऐकवले आहे. एका ओळीत श्रवणयंत्र दिले असते, किंवा मॅडमना दोन पावले चालवून उजवीकडे नेले असते, तरी काम झाले असते. दोन पावलांनी कोणत्या कथेचा वेग मंदावतो? माझा राग चुकीपेक्षा उधळपट्टीवर आहे. एवढ्या कष्टाने कमावलेले पात्र त्यांनी घाईत फुंकून टाकले.

त्या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, अर्धा बापलेकाच्या पूर्वस्मृतीचा कापला. त्यानंतर आजवर आलेल्या सर्व भागांना मिळून दोन. नव्या वाचकाने त्याआधीचे दोन-तीन भाग अवश्य वाचावेत, नाहीतर बसण्याच्या जागांची गंमत कळणार नाही. पूर्वस्मृतीची पाने खुशाल उलटावीत, पुढे त्यांचा संदर्भ कोठेही येत नाही. व्हरांड्यानंतरचा मजकूर मात्र मोठ्या पडद्यावर किंवा छापून वाचावा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळी मोडतात, रिकाम्या जागा एकमेकींना चिकटतात आणि सगळे संवाद केवळ टंकलेखनातल्या चुकांसारखे दिसू लागतात.