डिजिटल व्हिस्कोमीटर, दीड वर्ष वापरल्यावर

भोसरीत आमचा पाण्यातल्या रंगांचा छोटा कारखाना आहे. क्यूसी (मालाची दर्जा तपासणी) म्हणजे मी आणि एक मदतनीस. पातळ प्रायमर फोर्ड कपातून (तळाला भोक असलेला मोजणीचा कप) सेकंद मोजता येतील असा निघतो. डिस्टेंपर भोकातच बसून राहतो. म्हणून शेठच्या मागे लागून फिरत्या स्पिंडलचा डिजिटल व्हिस्कोमीटर घेतला, म्हणजे रंगात दांडी (स्पिंडल) फिरवून घट्टपणा मोजणारं मशीन. देशी बनावट. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही करायच्या आहेत.

मशीन दणकट आहे. सोबतचं १००० सेंटिपॉइजचं (हे घट्टपणाचं एकक) सिलिकॉन तेल २५ अंशांवर लावलं की आकडा जागेवर येतो. स्पिंडल धुणं सोपं.

आता माहितीपत्रकातली '१ टक्का अचूकता'. ती रीडिंगच्या नव्हे, पूर्ण रेंजच्या १ टक्का असते! सहा नंबरचा स्पिंडल १० आरपीएमवर (मिनिटाला १० फेरे) १ लाख सेंटिपॉइजपर्यंत मोजतो, म्हणजे चूक हजाराची. माझ्या डिस्टेंपरचं रीडिंग १८,४०० आलं, तर ही चूक पाच टक्क्यांच्या वर गेली. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. स्क्रीनवर टॉर्कची, म्हणजे स्पिंडल फिरवायला लागणाऱ्या जोराची, टक्केवारी दिसते. ती दहाच्या खाली असेल तर रीडिंग लिहूच नका.

तोच डबा, तोच स्पिंडल, १०० आरपीएम: ३,९००. शेठ म्हणाले, "अहो मॅडम, मशीन बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. ढवळलं की रंग सैल होतो, ब्रशखाली पसरतो आणि भिंतीवर थांबला की पुन्हा घट्ट होतो. तसा नसता तर ओघळ आले असते. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी स्पिंडल, आरपीएम, तापमान आणि मोटर सुरू केल्यापासूनचा वेळ लिहितो. पातळ प्रायमरला आणखी एक खोड आहे: बीकर तसाच ठेवला की टायटॅनियम डायऑक्साइड (रंगातली पांढरी भुकटी) तळाला बसतं आणि रीडिंग हळूहळू उतरत जातं. द्रवात कण मिसळले की घट्टपणा किती वाढतो ते सांगणारं आइनस्टाइनचं निलंबनांचं सूत्र (१९०६चं, त्यातला गुणक त्यांनी १९११मध्ये २.५ असा दुरुस्त केला) कॉलेजात पाठ केलं होतं. पण ते विरळ कणांसाठी. आमच्याकडे भुकटी ठासून भरलेली असते, कण एकमेकांना कोपरं मारत जातात.

खरी पंचाईत पावसाळ्यात झाली. नेहमीचा सेल्युलोज थिकनर (रंग घट्ट करणारा पदार्थ) मिळेना, म्हणून त्याचीच लांब साखळीच्या रेणूंची ग्रेड आणली. मात्रा कमी लागली, दोन्ही आरपीएमला रीडिंग जवळजवळ तेच. बॅच पास केली. आठवड्याने रंगाऱ्याचा फोन, "मॅडम, रोलर फिरवला की शिंतोडे तोंडावर उडतात." लांब रेणूंमुळे रंगाला लवचीकपणा येतो, रोलर भिंतीवरून सुटताना बारीक तारा ओढल्या जातात आणि तुटून उडतात. हे मशीन फक्त फिरवून घट्टपणा मोजतं, ताणून बघत नाही. लवचीकपणासाठी हेलकावे देणारा रिओमीटर लागतो, आणि तो आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नाही. नमुना बाहेर पाठवावा लागतो.

रोजच्या बॅचसाठी घ्यायला हरकत नाही, पाचपैकी साडेतीन. तापमान स्थिर ठेवणारी पाण्याची टाकी वेगळी घ्यावी लागते, ते पैसे आधीच धरा. सध्या रजिस्टरमध्ये आम्ही एक रकाना हाताने आखलाय: 'तार'. मदतनीस दोन बोटांत रंगाचा थेंब घेऊन पाक बघतात तसा ओढतो आणि लिहितो, 'नाही', 'अर्धी' किंवा 'एकतारी'. एकतारी आली की बॅच थांबते.