पुनर्चित्रण: आषाढातल्या पावसात की दिवाळीनंतर?

गुहागरच्या सुरूच्या बनात चित्रित केलेली आमच्या विद्यार्थी भयपटातील दोन दृश्ये पुन्हा घ्यावी लागणार आहेत. ती जुलैच्या पावसातच उरकावीत, की दिवाळीनंतरच्या उघडिपीत पाइपने पाऊस पाडून घ्यावीत, एवढाच प्रश्न आहे.

खऱ्या पावसाची जमेची बाजू मोठी आहे. शेवाळलेला जांभ्याचा गडगा, भरतीच्या लाटांचा गढूळ रंग आणि दाट ढगांतून झिरपणारा सावलीविरहित प्रकाश या गोष्टी विद्यार्थ्यांच्या खर्चात नंतर उभ्या करता येत नाहीत. मात्र उजेड समोरून टाकल्यास पाऊस पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. थेंब उठून दिसण्यासाठी दिवा पात्रांच्या मागे लावावा लागतो, आणि ओल्या वाळूतून जनरेटरची वायर ओढणे हा जिवाशी खेळ आहे. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर दमट हवेमुळे लगेच बाष्प धरते, म्हणून कॅमेरा बंद बॅगेतच बराच आधी बाहेर आणून ठेवावा. संवाद तर डबच करावे लागतात.

दिवाळीनंतर ध्वनी बराच स्वच्छ मिळतो आणि वेळापत्रक पाळता येते. पण तोवर गवत पिवळे पडते आणि आधीच्या पावसाळी शॉटशी काहीच जुळत नाही.

माझा कौल जुलैला आहे, परंतु बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांसह. लाटांजवळचे दृश्य मात्र मी नोव्हेंबरसाठीच राखून ठेवीन, कारण खवळलेल्या समुद्रात कोणत्याही सहकाऱ्याला उतरवण्याइतका एकही शॉट मोलाचा नाही.