बर्लिनमध्ये लाँगबोर्ड शिकायचाय? आधी टेंपलहोफला जा, बाकीचं नंतर बघू

आधीच सांगते, मी स्केटर वगैरे काही नाही. वय 38, दिवसभर लॅपटॉपसमोर, आणि दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड लाँगबोर्ड (म्हणजे फिरायला असतो तो लांब स्केटबोर्ड) घेतला तो पण ऑफिससाठी, म्हणजे यू-बान (इथली मेट्रो) स्टेशनपर्यंतचं अंतर झटक्यात कापू असं डोक्यात. इथल्या फुटपाथकडे मी तोवर कधी नीट बघितलंच नव्हतं बहुतेक. मधे ग्रॅनाइटच्या मोठ्या फरश्या, दोन्ही बाजूंना लिंबाएवढे दगड ठोकून बसवलेले आणि आतल्या गल्लीत शिरलं की अख्खा रस्ताच दगडी. पहिल्या दिवशी दात वाजले, तिसऱ्या दिवशी पुढचं चाक फटीत अडकलं, बोर्ड तिथंच राहिला आणि मी एकटीच पुढे गेले. मनगटाला आठवडाभर पट्टी.

यात निम्मी चूक चाकांची होती. बोर्ड ठीकठाक करायला एका दुकानात दिला होता (नाव घेत नाही), तिथल्या मुलाने 52 मिलिमीटरची 99ए चाकं (ए च्या आधीचा आकडा म्हणजे कडकपणा) गळ्यात मारली, ती स्केटपार्कात ट्रिक करणाऱ्यांची, दगडासारखी कडक. रस्त्यावर फिरायला 70 मिलिमीटरच्या आसपासची मऊ, 78ए वगैरे घ्या, लहानसहान खडे चाकाखालून निघून जातात. एवढं तरी विचारून घ्या, मी विचारलं नाही.

मग ऑफिसातल्या एकीने टेंपलहोफर फेल्डला नेलं आणि विषयच संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे विमानतळ होतं, भर शहरात. 1948-49 मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा धान्य आणि कोळसा घेऊन विमानं उतरायची त्यातलं हे एक. 2008 ला बंद पडलं, 2010 ला लोकांसाठी उघडलं, आणि सरकारने इथं बांधकाम करायचं ठरवलं तेव्हा लोकांनीच सह्या गोळा करून 2014 ला मतदान घडवून आणलं आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. साधारण 300 हेक्टर, फुकट, आणि दोन धावपट्ट्या, प्रत्येकी साधारण दोन किलोमीटरच्या. पुण्यात एवढी मोकळी जागा चार दिवस तरी टिकली असती का, जाऊदे.

शिकायला ही जागा भारी का, तर समोर काहीच येत नाही. गाडी नाही, खांब नाही, पार्क केलेल्या स्कूटरी नाहीत. धावपट्टी इतकी रुंद की तोल गेला तरी वळायला जागा उरतेच, आणि फूटब्रेक (पाय जमिनीला घासून थांबणं) मारायला शिकेपर्यंत पाय न टेकता बोर्ड आपोआप थांबेपर्यंत नुसतं जात राहायचं. एकदम गुळगुळीत मात्र समजू नका, मधे मधे भेगा आहेत, मऊ चाकांना चालतं. पाऊस पडून गेला असेल तर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवरून वळू नका, साबण लावल्यासारखं सरकतं.

खरा त्रास वाऱ्याचा. बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो आणि अडवायला झाड नाही. मी पहिल्यांदा पश्चिमेकडून, प्लाट्झ डेअर लुफ्टब्र्यूके चौकाच्या बाजूने शिरले, वारा पाठीवर, दोन पुशमध्ये भन्नाट पळाले, म्हटलं आपल्याला जमलं की! येताना तोच वारा तोंडावर, बोर्ड जागचा हलेना, शेवटी काखेत मारून चालत आले आणि शेजारून पतंगाला बोर्ड बांधून लोक सुसाट. त्यामुळे पूर्वेच्या नॉयक्योल्न भागाकडून, ओडरस्ट्रासेच्या गेटने शिरा (यू-8 मेट्रोचं बोडिनस्ट्रासे स्टेशन जवळ पडतं), आधी वाऱ्याविरुद्ध घाम गाळा, परत येताना आयतं.

आई मे महिन्यात आली होती तिला पण नेलं. तिने कंबरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "अगं हा तर आपला माळच आहे, मधे डांबर ओतलेला." वर चंडोल ओरडत होता तो पण तिनेच आधी ओळखला, माझ्या कानाला काही लागलंच नव्हतं. त्या पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात म्हणून उन्हाळ्यात गवताचा मोठा भाग दोऱ्या लावून बंद करतात, तिकडे बोर्ड गेला तर धावत आत शिरू नका. नंतर मला बोर्डावर बघून "या वयात हाडं जुळत नाहीत हो" हे पण झालंच.

मैदानातच कोलुंबियाडाम रस्त्याच्या बाजूला फोगेलफ्रायहाइट म्हणून स्केट स्पॉट आहे, पूर्व जर्मनीची संसद ज्या राजवाड्यात भरायची तो पाडला त्याचा ग्रॅनाइट तिथं लावलाय. छोट्या बोर्डवाल्यांची जागा, मी फक्त कडेला बसून बघते.

बाकीच्या जागा पटकन. ग्रुनेवाल्ड जंगलातला क्रोनप्रिन्सेसिनेनवेग, डांबर मस्त, सावली मस्त, पण रविवारी सायकलवाले घंटी वाजवून जीव काढतात. टॉयफेल्सबर्ग, म्हणजे युद्धात पडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून केलेली टेकडी, उतारावर पोरं बसून, हात टेकून वळणं घेतात. मी एकदा गेले, बोर्ड थरथरायला लागला तसं गवतात उडी मारली, परत नाही. वेळ असेल तर ट्रेनने युटरबोगला जा, फ्लेमिंग-स्केट, स्केटिंगसाठीच केलेला डांबरी मार्ग, 200 किलोमीटरच्या वर, शेतांमधून. पाणी घरून न्या.

टेंपलहोफचं एकच लक्षात ठेवा, सूर्य मावळला की गेट बंद करतात. डिसेंबरात चारलाच मावळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर जाऊ म्हणाल तर कुंपणाला हात लावून परत याल. मी आलेय.