सुला, रेव्हेलो की व्हॅलोने? नाशिकला वाइनसाठी जाताना

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की मुंबई-पुण्याची मित्रमंडळी विचारायला लागतात: नाशिकला एकच दिवस आहे, कोणती वायनरी बघू आणि घरी न्यायला बाटल्या कुठून घेऊ? बरोबर घरचे सगळे असतील, फिरणं-जेवण महत्त्वाचं असेल, तर सुला. वाइनसाठीच निघाला असाल, तर घरची वायनरी, म्हणजे एखाद्या कुटुंबाची लहान वायनरी गाठा. अशा वायनऱ्यांमध्ये माझा जीव निफाडच्या रेव्हेलोवर आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते लक्षात घेता येईल.

सुलापासून सुरुवात करणं रास्त आहे, कारण नाशिकची आजची वाइन तिथूनच उभी राहिली. थॉमसन आणि सोनाका ही खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्या या जिल्ह्यात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात साव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली, कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांची साथ घेतली आणि 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि मग बाकीचे धीराने उतरले. आज सुलाचे शेकडो शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार आहेत. याचा तुमच्या ग्लासशी थेट संबंध आहे. एका शिवारात गारपीट झाली तरी दुसरीकडचा माल येतो, अनेक बागांचा रस एकत्र बसवता येतो आणि शेनिनची चव वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला पन्नास बाटल्या लागणार असतील, तर हा भरवसा लाखमोलाचा आहे. जागाही तशीच: टेस्टिंग रूम, जेवणाची सोय, राहायला हॉटेल, सगळं एका आवारात. शनिवार-रविवारी गर्दी मात्र भरपूर असते. ओतून देणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे असतील, तर आठवड्याचा मधला दिवस निवडा.

आता निफाड. थंडीच्या दिवसांत पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी दरवर्षी असते. ते तापमान मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, आणि रेव्हेलोची बाग याच कुंदेवाडीत आहे. कडाक्याच्या थंडीत इथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. खाण्याच्या द्राक्षाच्या शेतकऱ्याला अशा रात्री धडकी भरते, कारण मणी फुगत नाही, घड तडकतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र मणी लहान आणि साल जाड हवी असते, आणि गार रात्रीमुळे रसातला आंबटपणा टिकतो. दिवसा ऊन चांगलं असल्याने साखर भरते, रात्री आम्ल शाबूत राहतं. या दोन्हींचा मेळ हीच वाइनच्या द्राक्षाची खरी कमाई.

रेव्हेलो यतिन पाटील यांची, त्यांचं कुटुंब मुळात शेतकरी. त्यांनी इटलीचे वाइनतज्ज्ञ आंद्रेआ व्हॅलेन्तिनुझी यांना बरोबर घेतलं, आणि सगळे शिराझ-कॅबरने या लाल वाणांच्या मागे असताना नेरो द’आव्होला (लाल) आणि ग्रिल्लो (पांढरं) ही सिसिलीची द्राक्षं निफाडच्या मातीत लावली. सिसिली हे उन्हाचं बेट, म्हणजे उष्णता या वाणांच्या अंगवळणी पडलेली. हा विचार मला फार पटतो. आपल्याकडे वेल युरोपासारखी हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) करून तिला आपल्या वेळापत्रकावर आणावं लागतं. गोडी छाटणी आठ दिवस पुढेमागे झाली, तरी फुलोऱ्यात अवकाळी पाऊस सापडणार की नाही हे ठरतं. ज्याची बाग त्याचीच वायनरी असेल, तर तो हा निर्णय टनाच्या भावासाठी घेत नाही, बाटलीसाठी घेतो.

ग्रिल्लो चांगली गार करून बोंबील फ्रायबरोबर घ्या. पहिल्या घोटाला लिंबाच्या सालीचा वास येतो, मग जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवतो, आणि रव्याचं तेलकट आवरण त्या आंबटपणाने धुऊन निघतं. पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. नेरो द’आव्होला मटणाच्या सुक्याबरोबर. तिखट बेताचं ठेवा, कारण झणझणीत मसाल्यापुढे लाल वाइनचा तुरटपणा अंगावर येतो.

व्हॅलोने अगदी उलट दिशेला आहे, इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाच्या पाण्याजवळ. निफाड कोरडं, तर इगतपुरी म्हणजे सह्याद्रीचा धो धो पाऊस. शैलेंद्र पै यांची ही वायनरी, वाइन करतात संकेत गावंड. माल्बेक आणि व्हिओनिए ही आपल्याकडे क्वचित दिसणारी वाणं इथे मिळतात. खोल्या मोजक्याच, जेवण चांगलं, खिडकीतून बाग आणि पाणी दिसतं. मुंबईहून येणाऱ्याला ही सगळ्यांत जवळ पडते. दोघांनाच शांतपणे एक रात्र काढायची असेल, तर मी बिनदिक्कत व्हॅलोने सांगेन. रेव्हेलोला जायचं तर आधी फोन करून वेळ ठरवा.

तिघांना शेजारी ठेवून खरंच तोलायचं असेल, तर शेनिन ब्लाँची गोड वाइन घ्या. द्राक्ष तेच, जिल्हा तोच. सुला आणि रेव्हेलो दोन्हींची लेट हार्वेस्ट शेनिन आहे: घड वेलीवरच जास्त दिवस ठेवायचे, मण्यातलं पाणी कमी होऊ द्यायचं, मग तोडायचे. व्हॅलोनेची सुकवलेल्या द्राक्षांची ‘व्हाँ द पासरिआज’. छोट्या ग्लासांत तिन्ही ओता आणि गोडी विसरून फक्त आंबटपणाकडे लक्ष द्या. जिथे मधासारख्या गोडीखाली आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो, ती वाइन दुसऱ्या ग्लासालाही हवीशी वाटते. माझ्या जिभेला ते रेव्हेलोत सापडतं. तुमची जीभ वेगळा कौल देईल, आणि तो तुमच्यासाठी माझ्या कौलापेक्षा मोलाचा.

पैशाचं सांगायचं तर घरच्या वायनरीची बाटली बहुतेक वेळा महाग पडते. ओकचं एक पिंप 225 लिटरचं, त्यातून जेमतेम तीनशे बाटल्या निघतात. परदेशातून आणलेलं ते पिंप, काच, लेबल, परवाने, हा खर्च थोड्याच बाटल्यांवर बसतो. शिवाय एका वर्षी वाइन भरदार आणि पुढच्या वर्षी हलकी निघू शकते. अनेकांना हा दोष वाटतो. मला त्याचसाठी दरवर्षी परत जावंसं वाटतं, कारण लेबलवरचं साल तिथे खरोखर काहीतरी सांगत असतं.

आणखी एक गोष्ट. गंगापूरच्या पाण्याकाठची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची वायनरी. योगिता, रवी आणि कैलाश या भावंडांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं, कैलाश यांनी ॲडलेडला वाइनचं शिक्षण घेतलं आणि लहान वायनरी काय करू शकते हे दाखवलं. 2021 मध्ये सुलाने ती विकत घेतली. या धंद्यात भांडवल वर्षानुवर्षं पिंपात आणि तळघरात अडकतं, मोठ्यांच्या दुकानजाळ्यापुढे लहानाला फळीवर जागा मिळणं कठीण असतं. म्हणून आवडलेल्या घराकडून दरवर्षी थोडी तरी खरेदी करायचीच, असं मी ठरवलं आहे.

खरेदी कुठे करायची, यावर मात्र मी ठाम आहे. सुला तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून खुशाल घ्या. माल झपाट्याने खपतो, म्हणून बाटली ताजी असते. लहान वायनरीची वाइन शक्यतो वायनरीतूनच घ्या. दुकानात ती महिनोन्महिने उभी राहते, आणि विनाएसीच्या दुकानात एक उन्हाळा काढलेली पांढरी वाइन शिजलेल्या सफरचंदासारखी लागते. दोष वाइन करणाऱ्याचा नसतो, पण नाव त्याचं खराब होतं. दुकानातून घ्यावीच लागली, तर लेबलवरचा बाटली भरल्याचा महिना वाचा आणि पांढरी वर्ष-दीड वर्षापेक्षा जुनी असेल तर सोडून द्या.

निघण्याआधी त्या दिवशी ड्राय डे नाही ना, ते बघा. गाडीत बर्फाची पेटी ठेवा, बाटल्या डिकीत तापू देऊ नका. घरी आल्यावर लाल वाइनसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं, सोळा-अठरा अंशांचं, आपल्या एप्रिलचं नव्हे.