एल-थिॲनिन: उन्हाळ्यापासून घेतोय, आता बोलायला हरकत नाही

उन्हाळा सरता सरता या गोळ्या सुरू केल्या, आता थंडी पडायला लागली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. निर्यातीचा माल निघायचा असला की चहावर चहा. डोकं चालतं, पण संध्याकाळपर्यंत छातीत धडधड आणि कुणी साधं काही विचारलं तरी मी वसकन अंगावर जायचो. हा सगळा खटाटोप त्यासाठी.

एल-थिॲनिन हे अमिनो आम्ल चहातलंच. १९४९ मध्ये जपानमध्ये ग्योकुरो नावाच्या हिरव्या चहाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं. ते झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत जातं, आणि ऊन लागलं की मोडून त्याजागी तुरट कॅटेचिन वाढतात. म्हणून ग्योकुरो तोडणीआधी सावलीत झाकून ठेवतात. (आपल्याकडच्या मे महिन्यात ते झाड काय करेल कोण जाणे.)

"मग चहाच पी की, गोळी कशाला?" असं बायकोने पहिल्याच दिवशी सुनावलं. पण एका कपात ते साधारण २५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, आणि प्रयोगांत बहुधा २०० देतात. तेवढे कप ढोसले तर कॅफिननेच वाट लागायची.

सकाळच्या दुसऱ्या चहाबरोबर २०० ची एक गोळी घेतो. तासाभरात फरक कळतो, पण बेताचाच. गुंगी येत नाही, तरतरीही जात नाही. धडधड तेवढी कमी. पॅकिंग लिस्ट आणि बिल ताडून बघताना मध्येच फोन वाजला, तरी बोट त्याच ओळीवर राहतं. माझ्यासाठी एवढंही पुष्कळ.

झोपेवर मात्र काडीचा परिणाम नाही. झोप सुधारली ती संध्याकाळचा चहा तोडल्यावर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०११ मध्ये झोप, ताण, एकाग्रतेचे दावे पुराव्याअभावी मान्य केले नव्हते, तेव्हा जाहिरातीतली भाषा निम्मीच धरा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण यानेही दाब थोडा उतरू शकतो.

घेताना लेबल नीट वाचा. माझ्या पहिल्या डबीवर 'ग्रीन टी अर्क' ठळक अक्षरांत, पण थिॲनिन किती याचा पत्ताच नाही. ती सरळ परत केली.

पाचपैकी तीन तारे. आता रोज घेत नाही, फक्त महिनाअखेरीला आणि कंटेनर भरायच्या दिवसांत.