चाव्यानंतरचे पाच महिने: ड्रेन, औषधे आणि गळ्यातली कॉलर

जूनमध्ये साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सकाळी फिरताना दोन मोकाट कुत्र्यांनी आमच्या सात वर्षांच्या कुत्र्याला, खंड्याला, बरगडीपाशी धरून झटकले. घरी येऊन पाहिले तर दातांची चार बारीक छिद्रे होती आणि रक्त जवळजवळ नव्हते. म्हणून हळद दाबून त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेले, तर तिथे केस न काढताच वरवर पुसून, एक इंजेक्शन देऊन आमची बोळवण झाली. तिसऱ्या दिवशी तो भाग टम्म फुगला आणि घाण वास येऊ लागला.

दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन तिथले केस भादरले आणि छिद्रातून बोथट सळई घातली, तेव्हा ती कातडीखाली बोटभर आत सरकली. कुत्रे चावून झटकते तेव्हा सैल कातडी खालच्या स्नायूपासून सुटते आणि त्या पोकळीत दातांवरचे जंतू व केस अडकून राहतात, असे त्यांनी समजावले. बाहेर आलेल्या पुवात माझ्या हळदीचे पिवळे कण होते.

एवढी मोठी जखम शिवून का टाकत नाही, यावरून मी तिथे हुज्जत घातली. पू आत कोंडू नये म्हणून त्यांनी सलाईनने पोकळी धुऊन रबरी ड्रेन, म्हणजे पू बाहेर वाहून नेणारी नळी, बसवला आणि त्याचे तोंड उताराकडे ठेवले. पाच दिवस घरभर लालसर पाण्याचे डाग पडत होते, पण सूज मात्र रोज उतरत गेली. ड्रेन काढल्यावरही अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट हे प्रतिजैविक एकूण चौदा दिवस चालले, तर वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम जेवणानंतरच द्यायचे होते. घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला कधीही देऊ नये. त्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

खंड्याची रेबीजची वार्षिक लस झालेली असूनही बूस्टर द्यावा लागला. लाळेने माखलेली जखम मी उघड्या हाताने धुतली होती आणि माझ्या बोटाला चीर होती, त्यामुळे मलाही सरकारी दवाखान्यात 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी लस घ्यावी लागली.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायच्या कॉलरच्या बाबतीत मी दयेपोटी चूक केली. हवा भरायची मऊ कॉलर आणली, तर लांब तोंडाच्या खंड्याने पहिल्याच रात्री तिच्यावरून मान वळवून जखम चाटली. नाकाच्या पुढे चार बोटे येणारी आणि गळ्याशी दोन बोटे सैल राहणारी कडक प्लॅस्टिकची कॉलरच शेवटी उपयोगी पडली. ती दाराच्या चौकटीला आपटायची आणि जेवताना मात्र काढावी लागायची. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडण्याची भीती असल्याने तीन आठवडे त्याला अंगणातही मोकळा सोडला नाही.

आता नोव्हेंबरात तिथे केस आले आहेत, पण ते पांढरे आहेत. पायथ्याचा रस्ता आम्ही सोडला आहे, कारण तिथे वळलो की खंड्या जागेवरच बसतो आणि साखळी ओढूनही उठत नाही.