टाचदुखी, निफाडची थंडी आणि नमद्याच्या सपाता: पाच महिने वापरून

ऑक्टोबरच्या शेवटी घेतलेल्या सपाता आता ठेवून द्यायची वेळ आली. रोज वापरल्या, सकाळी पलंगावरून उतरल्यापासून रात्री निजेपर्यंत, म्हणून चांगलं-वाईट दोन्ही लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या पायाला बसलेली जोडी तुमच्या पायाला बसेलच असं नाही. घेताना काय बघायचं ते कळलं की नाव कुठलंही चालतं.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. थंडीच्या बातम्यांमध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान येतं ना, तोच आमचा भाग. डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर आला की स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. खरं तर फरशी आणि शेजारची सतरंजी दोन्ही सारख्याच थंड असतात, पण फरशी पायातली ऊब भराभर ओढून घेते आणि सतरंजी घेत नाही. ओट्याशी दोन-अडीच तास उभं राहिलं की पोटऱ्यांपर्यंत गारठा चढतो.

त्यात मला टाचदुखी. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ, पंधरा-वीस पावलं चाललं की जरा सैल, आणि संध्याकाळी परत ठणका. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा मी घाबरले होते. डॉक्टरांनी समजावलं की असं वाढलेलं हाड कितीतरी न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. दुखतो तो तळपायाचा पट्टा, प्लांटार फॅशिया. टाचेपासून बोटांच्या मुळाशी जाणारा हा चिवट पट्टा रात्रभरात आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. थंडीत माझा हा आखडलेपणा जास्त वेळ टिकतो, हा तीन हिवाळ्यांचा अनुभव आहे.

मागच्या वर्षी मी चूक केली ती ऊब बघून चप्पल घेण्याची. बाजारातून मऊ, केसाळ, आत बोट रुतेल अशा सपाता आणल्या. पाय छान गरम राहिले, पण पंधरा दिवसांत टाच इतकी दुखायला लागली की भिंतीला धरून न्हाणीघरात जावं लागायचं. मऊ तळव्यात टाच खाली बसते, पायाची कमान लोंबकळत राहते, आणि त्या पट्ट्यावरचा ताण काही कमी होत नाही. मऊ म्हणजे आधार, असं आपण धरून चालतो, तसं नाही.

या वर्षी दुकानात आधी सपात दोन्ही हातांनी धरून कपडा पिळतो तशी पिळून बघितली. सहज पिळली गेली ती बाजूला. वाकली पाहिजे ती फक्त बोटांच्या मुळाशी, मधोमध नाही. टाचेला खोलगट वाटीसारखी जागा हवी आणि कमानीखाली उंचवटा हवा. आणि माप संध्याकाळी बघायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

घेतली ती जोडी अशी: तळ बुचाचा, वरचा भाग आणि अस्तर नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं. किंमत अडीच हजारांच्या आतबाहेर. कातडं कुठेच नाही, हे मुद्दाम बघितलं. आमच्याकडे स्वयंपाकघरात पायताण चालत नाही आणि सासूबाईंचं मन मोडून मला काही करायचं नव्हतं. “या सपाता घराबाहेर कधीच जाणार नाहीत, आणि देवघरात काढूनच जाईन,” असं सांगितलं तेव्हा त्यांनी होकार दिला. ज्यांच्या घरी याच कारणाने बायका आयुष्यभर थंड फरशीवर अनवाणी उभ्या राहतात, त्यांनी हा मार्ग जरूर बघावा.

पहिले आठ दिवस कमानीखाली टोचल्यासारखं झालं. रोज दोन तासांपासून वाढवत गेले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की संध्याकाळचा ठणका बराच कमी झालाय. सकाळची कळ मात्र नुसत्या सपातांनी गेली नाही. त्यासाठी पलंगावरच बसून पायाची बोटं हाताने अंगाकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, दहा वेळा करायचं, आणि मग लगेच सपातांत पाय घालून उतरायचं. दिवसा भिंतीला हात टेकून पोटऱ्यांचा ताण. जानेवारीच्या मध्यावर पहिलं पाऊल न कण्हता टाकलं, त्या दिवशी खरंच डोळे भरून आले.

शेतातलं प्रकरण वेगळं. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो आणि ठिबक चालू करतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. चिखलात गमबूट लागतातच, आणि गमबुटाला ना ऊब ना आधार. मी त्यात कमानीचे इनसोल घातले आणि जाड लोकरी मोजे. पहिल्या दिवशी पाय आधीपेक्षा जास्त गारठले! बूट घट्ट झाला होता. पाय आवळला गेला की रक्त नीट खेळत नाही, आणि ऊब धरून ठेवणारी हवाही आत उरत नाही. एक माप मोठा बूट घेतल्यावर दोन्ही प्रश्न सुटले. बोटं आत हलली पाहिजेत, एवढी खूण पुरे.

मोज्यांबद्दल माझं मत पक्कं झालंय: सुती मोजे थंडीत नकोत. घाम धरून ठेवतात आणि ओला पाय गार पडतो. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि धागा बारीक असल्यामुळे टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती मोज्यांना चालायची नाही. पण जुन्या घोंगडीचा चौकोनी तुकडा मी ओट्यासमोर टाकलाय आणि एक पलंगाशी. त्याने जितका फरक पडला तितका कुठल्या महागड्या पायपुसण्याने पडला नसता.

आता उणिवा. सपाता ओल्या फरशीवर घसरतात, न्हाणीघरात अजिबात घालू नयेत. नमद्याला तिसऱ्या महिन्यापासून गोळे आले. भाजीचं तेल सांडलं तो डाग गेला नाही. मोज्यांची एक जोडी मशीनमध्ये गरम पाण्यात गेली आणि नातवाच्या मापाची झाली. दुसरी टाचेपाशी विरली. लोकरी मोजे गार पाण्यात, न पिळता धुवायचे. आणि टाचांच्या भेगांवर मोज्यांचा इलाज नाही, तिथे रात्री आमसुलाचं तेल कोमट करून लावायचं, वरून मोजा चढवायचा.

सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं वेगळं सांगते कारण हे फार महत्त्वाचं आहे. डिसेंबरात त्या शेकोटीला पाय शेकत बसल्या आणि तळव्याला मोठा फोड आला, तो त्यांना जाणवलाच नाही. तळव्यांची संवेदना कमी झालेल्या माणसाने शेक, गरम पाण्याची पिशवी, हीटर यांच्या जवळही पाय नेऊ नयेत. त्यांना सैल काठाचे, आत शिवण न टोचणारे मोजे आणले. रोज संध्याकाळी मी त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघते. तो फोड भरायला सहा आठवडे गेले.

सपाता काल झटकून ठेवल्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, कारण लोकरीला कसर लागते. बुचाच्या तळाला काहीही झालेलं नाही, कमानीचा उंचवटा पहिल्या दिवसासारखाच आहे. गमबुटातल्या इनसोलचा टाचेखालचा फोम मात्र बसलाय, अंगठ्याने दाबला तर परत वर येत नाही. छाटणीच्या दिवसांत नवीन जोडी आणावी लागेल.